पुनरुत्थान, पुनर्भव आणि मराठीतील 'आत्मा'

ख्रिस्ती धर्मातील मरणोत्तर कल्पनांविषयी आपल्या नियतकालिकांतून आजवर जे लेखन झाले आहे, त्यात एक उणीव प्रकर्षाने जाणवते. येशू ख्रिस्ताचे पुनरुत्थान हा विषय निघाला की आपले लेखक तो 'आत्मावाद' या एकाच सदरात टाकतात, अनत्ता-सिद्धान्ताचे चार दाखले देतात आणि खंडन पूर्ण झाले असे समजतात. ज्याचे खंडन केले ते ख्रिस्ती धर्माचे मूळ म्हणणे होते, की मराठी भाषेने त्या म्हणण्यावर चढविलेला वैदिक पोशाख होता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारावा हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ परधर्माच्या आकलनापुरता मर्यादित नाही. ज्या शब्दाने ख्रिस्ती श्रद्धेचा अर्थ झाकला, त्याच शब्दाने आपल्या घरांतील मरणविषयक धम्मविचारही झाकला आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. तो शब्द म्हणजे 'आत्मा'.

१. पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडता आल्याखेरीज त्याला उत्तर देऊ नये, ही आपल्या पालि परंपरेची शिस्त आहे. 'कथावत्थु' या ग्रंथाची रचनाच तशी आहे. त्या शिस्तीने पाहिले तर पुनरुत्थानाचे मूळ म्हणणे काय आहे?

जुन्या करारातील मनुष्य हा मातीपासून घडलेला व श्वासाने सजीव झालेला प्राणी आहे. देहात कोंडलेले एखादे अमर तत्त्व, अशी त्याची कल्पना तेथे नाही. मेलेली माणसे पुन्हा उठतील हा विश्वास यहुदी परंपरेत बऱ्याच उशिरा स्पष्ट झाला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अँटायोकस चौथा याच्या राजवटीत यहुद्यांचा छळ झाला, धर्म सोडण्यास नकार देणाऱ्यांना मारण्यात आले. त्या काळातील 'दानीएल' ग्रंथाच्या शेवटच्या भागात आणि पुढे 'मक्काबी' ग्रंथात हा विश्वास ठळकपणे येतो. येशूच्या काळीदेखील तो सर्वमान्य नव्हता. परूशी पंथ तो मानीत असे, तर मंदिराशी संबंधित श्रीमंत सदूकी पंथ तो साफ नाकारीत असे.

नव्या करारात पुनरुत्थानाविषयीचा सर्वांत सविस्तर विवेचक मजकूर पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. ते पत्र इ.स. ५४-५५च्या सुमाराचे, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचे आहे. पौल तेथे जमिनीत पेरलेल्या बीचा दृष्टान्त देतो. पेरलेले बी आणि उगवलेले रोप एकसारखे नसते, तसा मरणारा देह व उठणारा देह एकसारखा नसतो. परंतु उठतो तो देहच, भिन्न गुणांचा देह. मनुष्यात स्वभावतःच काही अमर आहे म्हणून तो उठतो असे पौल म्हणत नाही. ईश्वर त्याला उठवितो म्हणून तो उठतो. याचा अर्थ असा की या श्रद्धेत मरण हे पूर्ण मरण आहे आणि त्यानंतरचे जीवन हे दान आहे, मनुष्याच्या अंगचा गुण नव्हे.

देह हे तुरुंग व आत्मा हा कैदी, ही कल्पना ग्रीकांची, विशेषतः प्लेटोची. ख्रिस्ती धर्म ग्रीक जगात पसरला तेव्हा ती त्यात मिसळली. हे मिश्रण ख्रिस्ती पंडितांनीच उघड केले आहे. ऑस्कर कुलमान या अभ्यासकाने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात 'आत्म्याचे अमरत्व' आणि 'मृतांचे पुनरुत्थान' या दोन परस्परभिन्न कल्पना आहेत, असे आग्रहाने मांडले. सॉक्रेटिसाने शांतपणे विष घेतले, पण येशू मरणापुढे व्याकूळ झाला, हा भेद त्यांनी याच संदर्भात दाखविला. आत्मा अमर आहे असे मानणाऱ्याला मरण हे मित्र वाटते. मरण खरोखरच सर्वनाश करते असे मानणाऱ्याला ते शत्रू वाटते.

आता तीन भूमिका शेजारी ठेवाव्यात. गीतेच्या मते देह हे वस्त्र आहे, ते जीर्ण झाले की देही नवे वस्त्र घेतो. मूळ ख्रिस्ती म्हणण्यानुसार देह हे वस्त्र नव्हे, देहासह असलेला माणूस हाच खरा माणूस आहे आणि तो एकदाच जगतो, एकदाच मरतो. तथागतांच्या म्हणण्यानुसार रूप, वेदना, सञ्ञा, सङ्खार व विञ्ञाण या पाच स्कंधांखेरीज 'माणूस' म्हणून वेगळे काही सापडत नाही. यांपैकी पहिली भूमिका शाश्वत आत्म्याची आहे. दुसरी व तिसरी या एकमेकींपासून पुष्कळच दूर आहेत, परंतु पहिलीला दोघींचाही नकार आहे. आपल्या खंडनकारांच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

२. शब्दांचा प्रवास

हे निसटावे यात आश्चर्य नाही. मराठीत ही श्रद्धा प्रथम आली तीच पुराणाच्या वेषात. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण जुन्या कराराचे व दुसरे पुराण येशूचरित्राचे आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, त्यांच्या जागी वाचण्याऐकण्यास काहीतरी हवे होते, ही या ग्रंथामागील गरज खुद्द ग्रंथातच सांगितली आहे. मराठी भाषेवरील स्टीफन्स यांचे प्रेम निर्विवाद आहे आणि ओवीवरील त्यांची पकड थक्क करणारी आहे. परंतु समीक्षकाने येथे थांबता कामा नये. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द घेतला. वैकुंठ म्हटल्याबरोबर मराठी श्रोत्याच्या मनात विष्णूचे धाम उभे राहते, विमान येते, देह खाली टाकून जीव वर जातो. देहाचे पुनरुत्थान सांगणारा धर्म देह टाकून जाण्याच्या शब्दांत ऐकला गेला. कवीचा हेतू काहीही असो, शब्द आपला संसार बरोबर घेऊनच येतो.

एकोणिसाव्या शतकातील बायबलच्या भाषांतरकारांपुढे हीच अडचण होती. हिब्रू व ग्रीक भाषांतील ज्या शब्दांत वारा, श्वास, चैतन्य व ईश्वरी सामर्थ्य या सर्वांचा अर्थ आहे, त्यांच्यासाठी मराठीत 'आत्मा' हा शब्द रूढ झाला. 'पवित्र आत्मा' हा प्रयोग त्यातूनच आला. सजीव प्राणी अशा अर्थाच्या शब्दांना कुठे 'जीव' तर कुठे पुन्हा 'आत्मा' असा प्रतिशब्द मिळाला. परिणामी मूळ भाषेतील वेगवेगळ्या कल्पना मराठीत एका शब्दाखाली गोळा झाल्या आणि तो शब्द उपनिषदांनी आधीच अजर-अमर करून ठेवला होता.

हा धोका ज्यांना पुरेपूर कळला त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. संस्कृत शास्त्रांत निष्णात असलेल्या या विदुषीने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे स्वतंत्र मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रीला कळेल अशी साधी भाषा आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेल्या शब्दांपासून शक्य तितकी मुक्तता, ही त्यांची दोन उद्दिष्टे होती. ज्या स्त्रीला त्या शास्त्रांचे अंतरंग ठाऊक होते, तिलाच त्यांच्या शब्दांचे भय वाटावे, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. भाषांतर म्हणून त्यांची भाषा पुष्कळ ठिकाणी ओबडधोबड झाली असेल. पण त्यांनी ओळखलेले संकट खरे होते.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचा मार्ग उलटा होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला ख्रिस्त मराठी संतांच्या अंगणात आणावयाचा होता. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या हयातीत अपुरे राहिले. पुढचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. भक्तिपरंपरेची भाषा घेतल्याने टिळकांची रचना मराठी मनाला भिडली, आणि त्याच भाषेने 'भक्त देवात विलीन होतो' हा भावही तिच्यात शिरला. विलीन होणे आणि पुन्हा उठणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत व्यक्ती मावळते, दुसरीत ती व्यक्ती म्हणूनच परत मिळते.

'पुनरुत्थान' हा शब्द मात्र नेमका आहे, हे मान्य केले पाहिजे. पुन्हा उठणे एवढेच तो सांगतो. तरीही 'पुन्हा' ऐकताच आपल्या कानांना 'पुनर्जन्म' ऐकू येतो आणि दोन्ही एकाच माळेचे मणी ठरतात. पुनर्जन्मात फेरा आहे, पुनरुत्थानात फेरा नाही. हा भेद ख्रिस्ती मराठी उपदेशकांनीही श्रोत्यांपुढे पुरेसा स्पष्ट केला असे दिसत नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने भाषा सुलभ केली, हे त्या ग्रंथाचे मोठे श्रेय होय. परंतु सुलभता आणि पारिभाषिक स्पष्टता या दोन निराळ्या गरजा आहेत, आणि दुसरी अद्याप अपुरी आहे.

३. देहाचे काय करावे?

सिद्धान्ताची खरी परीक्षा स्मशानात होते. देह उठणार असेल तर तो जाळावा की पुरावा? ख्रिस्ती परंपरेने शतकानुशतके पुरण्याचाच आग्रह धरला. कॅथलिक चर्चने दहनावरील बंदी १९६३ साली शिथिल केली. २०१६ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा सूचना काढून दफनच श्रेयस्कर असल्याचे सांगितले आणि दहन केल्यास रक्षा विखुरू नये, घरी ठेवू नये, पवित्र जागी जपावी असे बजावले. रक्षा विखुरण्यात सृष्टीत विलीन होण्याची कल्पना डोकावते, ही त्यामागील भीती होती.

या पार्श्वभूमीवर १९१९ सालची एक घटना लक्षणीय ठरते. ९ मे रोजी मुंबईत रेव्हरंड टिळकांचे निधन झाले. आपल्या देहाचे दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. देहाच्या राखेतूनही ईश्वर उठवू शकतो, हे त्यांच्या श्रद्धेशी विसंगत नव्हतेच. पौलाचा बीचा दृष्टान्त नीट वाचला तर जुनी हाडे शाबूत ठेवण्याची गरज उरत नाही. मरणानंतरच्या विधीत माणूस आपल्या देशाची रीत व आपली श्रद्धा यांची सांगड कशी घालतो, याचे हे प्रामाणिक उदाहरण होय.

येथे आणखी एक पेच आहे. मेल्यापासून अंतिम दिवसापर्यंत मृत माणूस कोठे असतो? ल्यूथरने निद्रेची उपमा वापरली. रोमच्या चर्चने १३३६ साली असे ठरविले की शुद्ध झालेल्यांना मरणानंतर लगेच ईश्वरदर्शन घडते. इतरांसाठी शुद्धीचे एक मधले स्थान मानले गेले, आणि त्या स्थानातील मृतांसाठी जिवंतांनी प्रार्थना व दान करावे अशी प्रथा पडली. त्या प्रथेचा बाजार झाला तेव्हा १५१७ साली ल्यूथरने आवाज उठविला. पालि वाचकांस हा पेच परका नाही. एक भव संपून दुसरा सुरू होईपर्यंत मध्ये काही अवस्था असते काय, या 'अन्तराभव'च्या प्रश्नावर आपल्या निकायांतही वाद झाला. थेरवाद्यांनी ती नाकारली, सर्वास्तिवाद्यांनी मानली. मधली जागा निर्माण केली की तेथे एखादा प्रवासी बसवावा लागतो, आणि प्रवासी आला की आत्मा मागच्या दाराने घरात येतो. थेरवाद्यांनी हा धोका वेळीच ओळखला होता.

४. रिकामी कबर आणि भरलेला स्तूप

दोन धर्मांतील खरा भेद पाहावयाचा तर दोन शास्त्यांच्या अंतानंतर काय घडले ते पाहावे. शुभवर्तमानांतील कथेनुसार तिसऱ्या दिवशी स्त्रिया कबरीकडे जातात आणि ती रिकामी आढळते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत कथा येथेच, त्या स्त्रियांच्या भयापाशी संपते. येशूच्या दर्शनांचा भाग त्या हस्तलिखितांत नाही. पौल मात्र ज्यांना दर्शन झाले त्यांची यादीच देतो आणि ख्रिस्त उठला नसेल तर आपला सारा उपदेश फोल आहे, अशी कबुली देतो. एवढा स्पष्टवक्तेपणा कौतुकास्पद आहे. पण त्याचबरोबर संपूर्ण धर्म एका घटनेच्या सत्यतेवर टांगला जातो.

महापरिनिब्बान सुत्तात याच्या उलट चित्र आहे. कुशिनारा येथे देहाचे दहन होते, धातू उरतात, त्यांवरून भांडण होण्याची वेळ येते आणि द्रोण ब्राह्मण त्यांचे आठ भाग करतो. कोणीही तथागत परत येण्याची वाट पाहात नाही. आपल्यानंतर धम्म व विनय हाच शास्ता, असे ते आधीच सांगून गेलेले असतात. तथागतांच्या जन्ममरणाविषयीची एखादी कथा उद्या खोटी ठरली, तरी चार अरियसच्चांपैकी एकही ढळत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धांनी स्वतःच्या धम्मात स्वतःला कोणते स्थान दिले, याची जी चर्चा केली तिचे मर्म येथे आहे. बुद्ध मोक्षदाते नव्हेत, मार्गदाते आहेत.

या दोन परंपरा आपल्याकडे एकाच तालुक्यात भेटतात. वसई तालुक्यातील सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूपाचे उत्खनन केले. त्यात दगडी पेटी, तिच्यात भिक्षापात्राचे मानलेले तुकडे व लहान बुद्धमूर्ती मिळाल्या. त्याच परिसरात मराठी बोलणारा कॅथलिक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि दरवर्षी पुनरुत्थानाचा रविवार साजरा करतो. एका ठिकाणी श्रद्धेचे केंद्र अवशेष आहेत, तर दुसऱ्या ठिकाणी अवशेष नसणे हेच श्रद्धेचे केंद्र आहे. आपल्या चैत्यभूमीचा अर्थही याच संदर्भात घ्यावा. ७ डिसेंबर १९५६ रोजी जेथे बाबासाहेबांच्या देहाला अग्नी दिला गेला, तेथे लाखो लोक येतात ते उठलेल्या देहाच्या दर्शनासाठी नव्हे, एका संपलेल्या व म्हणूनच अमोल झालेल्या आयुष्याला वंदन करण्यासाठी.

५. शोकाचे उत्तर

बेथानीचा लाजर आणि श्रावस्तीची किसा गोतमी यांची तुलना आपले वक्ते वारंवार करतात. एकाने मेलेल्यास उठविले, दुसऱ्याने मोहरीचे दाणे आणावयास सांगून मरणाची सार्वत्रिकता शिकविली, म्हणून बुद्ध विवेकवादी आणि येशू चमत्कारी, असा झटपट निकाल लागतो. ही तुलना अपुरी आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू कबरीपाशी रडतो, हे आपण सांगत नाही. लाजर पुढे पुन्हा मरणारच होता, म्हणून ख्रिस्ती विचारवंत स्वतःच त्या कथेला अंतिम पुनरुत्थान मानीत नाहीत, हेही सांगत नाही.

भेद आहे तो निराळ्या जागी. मार्था व मरीया यांना भाऊ परत मिळाला. गोतमीला मूल परत मिळाले नाही. तिला शेजारीण मिळाली, गल्ली मिळाली, गाव मिळाले. ज्या घरात कोणी मेले नाही असे घर शोधताना ती दारोदार गेली आणि प्रत्येक दारात तिला तिच्यासारखेच कोणी भेटले. शोक नाहीसा झाला नाही, त्याचा एकटेपणा नाहीसा झाला. बाबासाहेबांनी ही कथा तथागतांच्या करुणेच्या प्रकरणात घेतली, चमत्काराच्या खंडनात नव्हे, हे लक्षात ठेवावे.

६. मारले गेलेल्यांचा न्याय

पुनरुत्थानाच्या श्रद्धेतील सर्वांत गंभीर प्रश्न शेवटी येतो, आणि त्याला आपले खंडनकार हात लावीत नाहीत. ही श्रद्धा जन्मली ती मारल्या गेलेल्यांच्या प्रश्नातून. निरपराध माणूस छळ सोसून मरतो आणि छळणारा सुखाने राज्य करतो, मग त्या मेलेल्याचा न्याय कोण करणार? क्रूसावर रोमन सत्तेने गुन्हेगार म्हणून मारलेल्या एका सुताराला ईश्वराने उठविले, याचा अर्थ ईश्वराने त्या न्यायालयाचा निकाल फिरविला. १९८१ साली बंगलोर येथे अरविंद निर्मल यांनी ज्या दलित ईश्वरविद्येची मांडणी सुरू केली, तिला येशूच्या यातनांत दलितांच्या यातना दिसल्या त्या यामुळेच. १९३८ मध्ये सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध व ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपणास मोहिनी घातली असे सांगितले होते. त्याच भाषणात त्यांनी ख्रिस्ती समाजातील जातीभेदावर आणि अन्यायाविषयीच्या उदासीनतेवर बोट ठेवले होते. दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर काय आहे? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्या मृतांना अंतिम दिवशी न्याय मिळेल असे आपण म्हणू शकत नाही. ते मागील जन्मीच्या कर्माचे फळ होते, असे म्हणणे तर घोर पाप ठरेल. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त हा समाजाला व शासनाला दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी टाळू देण्यासाठी रचला गेला, हे बाबासाहेबांचे परखड मत आहे. पुनर्भवाचा अर्थही त्यांनी याच दृष्टीने तपासला: चार महाभूते आपापल्या राशीत मिसळतात व पुन्हा नवे रूप घेतात, परंतु मेलेला तोच माणूस पुन्हा जन्मतो, असे मानण्यास आधार नाही. नागसेनाने मिलिंद राजाला दिलेल्या दिव्यावरून दिवा लावण्याच्या दृष्टान्ताशी हे वाचून पाहावे. तेथेही ज्योत पुढे जाते, कोणी प्रवासी जात नाही.

म्हणजे आपला धम्म मृतांना न्यायाचे वचन देत नाही. तो भार तो पूर्णपणे जिवंतांवर टाकतो. ख्रिस्ती श्रद्धाळू न्यायालयात हरला तरी त्याच्यापाशी आणखी एक न्यायालय शिल्लक असते. आपल्यापाशी नाही. म्हणून आपला खटला येथेच लढला पाहिजे, साक्षीदार येथेच उभे राहिले पाहिजेत आणि मृतांची नावे आपणच लक्षात ठेवली पाहिजेत. ही भूमिका कठोर आहे. ती स्वीकारताना दुसऱ्याच्या आशेची चेष्टा करण्याचे कारण नाही. पण ती आशा उसनी घेण्याचेही कारण नाही.

७. आपल्या दारी

आता मूळ शब्दाकडे परत येऊ. नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत कोणत्याही वसाहतीतील चौकात लागलेले श्रद्धांजलीचे फलक वाचावेत. मृत व्यक्ती हिंदू असो, ख्रिस्ती असो वा बौद्ध, मजकूर बहुधा एकच असतो: मृताच्या आत्म्यास शांती लाभो. ख्रिस्ती घराने हे लिहावे याचा अर्थ पुनरुत्थानाची आशा विस्मरणात गेली. बौद्ध घराने हे लिहावे याचा अर्थ अनत्ता विस्मरणात गेली. दोघांच्याही दारावर तिसऱ्याच दर्शनाची पाटी लागली आहे आणि दोघांच्याही ते ध्यानात नाही. फलक रंगविणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. शोकाच्या घडीला माणूस हाताशी असलेली भाषा वापरतो. पर्यायी भाषा हाताशी ठेवणे हे विहारांचे व अभ्यासकांचे काम होते.

श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतली. त्यांच्या जागी जलदान विधी व पुण्यानुमोदन आले. परंतु पुण्यानुमोदनाचा अर्थ न समजावता विधी झाला, तर मृताला येथून काही पोहोचते, हीच समजूत कायम राहते. आपल्याच 'पेतवत्थु'त तशा कथा आहेत, हे लपवून चालणार नाही. येथे दिलेल्या दानावर मृत खरोखर निर्वाह करतात काय, यावर 'कथावत्थु'त वाद आहे आणि थेरवाद्यांनी तसे शब्दशः मानण्यास नकार दिला आहे. अनुमोदन म्हणजे दुसऱ्याच्या कुशल कर्माने आपले मन प्रसन्न होणे. ते जिवंताच्या चित्तात घडते. हे प्रत्येक पुण्यानुमोदनाच्या वेळी दोन वाक्यांत सांगता येईल. ख्रिस्ती शुद्धिस्थानाच्या प्रथेवर टीका करणाऱ्याने आधी एवढे घरी करावे.

तशीच दुसरी गोष्ट. जयंतीच्या गीतांतून, भाषणांतून 'बाबासाहेब, पुन्हा जन्माला या' अशी हाक वारंवार ऐकू येते. त्या हाकेतील व्याकूळता आम्हांस कळते. ज्यांच्यावर अन्याय चालूच आहे त्यांना आपला कैवारी परत यावा असे वाटणारच. पण हाक मारणाऱ्याने ओळखावे की ही पुनरागमनाची आशा आहे, जिच्यावर आपण इतरत्र टीका करतो तिचीच ही बहीण आहे. परत येणाऱ्याची वाट पाहणारा समाज आपला निर्णय पुढे ढकलतो. बाबासाहेबांनी आपल्या पश्चात ग्रंथ ठेवले, संस्था ठेवल्या, संविधान ठेवले आणि धम्म ठेवला, ते वाट पाहण्यासाठी नव्हे.

तात्पर्य, ख्रिस्ती पुनरुत्थानाचे खंडन करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने प्रथम ते आत्मावादापासून वेगळे करून वाचावे. मग आपला त्याच्याशी मतभेद कोठे आहे ते नेमके मांडावे: देह पुन्हा उठविणारा ईश्वर आम्ही मानीत नाही, व्यक्ती म्हणून पुन्हा मिळण्याची मागणी हीच आमच्या मते तण्हेचे एक रूप आहे, आणि न्यायाचे स्थान आम्ही या लोकातच मानतो. हे तीन मुद्दे सभ्यपणे मांडता येतात आणि ख्रिस्ती मित्रही ते ऐकून घेतील, कारण त्यांत त्यांचे म्हणणे विपर्यस्त झालेले नसेल. आणि विहारांच्या व्यवस्थापकांस आमची विनंती आहे की श्रद्धांजलीच्या फलकासाठी, पत्रिकेसाठी व पुण्यानुमोदनाच्या निवेदनासाठी धम्माला धरून असलेला साधा मराठी मजकूर तयार करावा, तो छापून विहारात ठेवावा आणि दुःखाच्या प्रसंगी घरोघर पोहोचवावा. 'स्मृतीस विनम्र अभिवादन' या तीन शब्दांत खोटे काही नाही, आणि कमी असेही काही नाही.